वाढ संपेपर्यंत

सकाळी सव्वासहा

शटर वर गेलं की पहिलं काम आरसे पुसण्याचं. माझ्या फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये दोन भिंतींना माणूसभर उंचीचे आरसे आहेत, कारण स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही आणि माझ्याकडे येणाऱ्या पोरींना ती बघितल्याशिवाय काही करता येत नाही. तिसऱ्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत आडव्या लाकडी दांड्या आहेत. त्या मिरजेतल्याच एका सतारी बनवणाऱ्या कारागिराने करून दिल्या. त्याची पुतणी इथे यायची. कुठेही हात फिरवा, कुसळ टोचत नाही. कोपऱ्यातल्या टोपलीत मांजरपाटाच्या छोट्या पिशव्या, आत तांदूळ. पावसाळ्यात तो बदलावा लागतो, नाहीतर टोके होतात. मणक्याच्या बाकावर काम करणाऱ्या दवाखान्याचं भांडवल एवढंच. यंत्रं आहेत, ती गुडघेवाल्यांसाठी.

साडेसहाला पहिली मुलगी येते. आठवीत आहे, शाळा आठची. आई स्कूटरवरून सोडते आणि बाहेरच्या बाकावर मेथी निवडत बसते. मुलगी आत येऊन ब्रेसचे पट्टे सोडते. हा तास आणि अंघोळ, दिवसातला एवढाच वेळ ती त्या प्लास्टिकच्या कवचाबाहेर असते.

तिच्या पाठीला छातीच्या भागात उजवीकडे २८ अंशांचा बाक आहे आणि खाली कमरेत डावीकडे २१. कारण माहीत नाही. म्हणजे मला माहीत नाही असं नव्हे, अजून कुणालाच ठामपणे माहीत नाही. किशोरवयातल्या बहुतेक स्कोलिओसिसचं तसंच आहे. दहा ते सोळा वर्षांच्या शंभर मुलांत दोन-तीन जणांना दहा अंशांहून जास्त बाक सापडतो. त्यातल्या बहुतेकांचं पुढे काहीच होत नाही. ज्यांचा वाढतो त्यांत मुली खूप जास्त.

आधी ती दोन्ही पाय जुळवून, हात जोडून पुढे वाकते. विल्यम ॲडम्स या इंग्रज शल्यविशारदाने १८६५ मध्ये सांगितलेली ही तपासणी आजही तशीच चालते, कारण तिला खर्च नाही आणि तिच्यातून फारसं काही निसटत नाही. वाकल्यावर उजवीकडच्या बरगड्या डावीकडच्यांपेक्षा उंच उठतात. त्यांच्यावर मी स्कोलिओमीटर आडवा धरते. हाताएवढी पट्टी, वाकड्या नळीत द्रव आणि त्यात सरकणारी छोटी गोळी. आज गोळी आठवर थांबली. मागच्या महिन्यातही आठच होती. मी वहीत लिहिते, ती आरशातून माझ्या चेहऱ्याकडे बघते. या पोरी माझा चेहरा वाचण्यात तरबेज असतात, म्हणून मी आकडा लगेच मोठ्याने सांगते.

मणका नुसता एका बाजूला झुकत नाही, झुकताना स्वतःभोवती फिरतोही. ओल्या धोतराला पिळा घालताना ते जसं वाकतंही आणि वळतंही, तसं. बरगड्या मणक्याला जोडलेल्या, म्हणून एका बाजूच्या मागे उठतात, दुसऱ्या बाजूच्या आत बसतात. त्यामुळे "ताठ बस" हा घरोघरचा उपदेश इथे कामाचा नाही. ताठ बसल्याने पिळा सुटत नाही.

ती पाठीवर झोपते. उजव्या फऱ्याखालच्या उंचवट्याला एक पिशवी, कमरेच्या डाव्या फुगीर भागाला दुसरी, म्हणजे शरीराच्या वजनानेच ते भाग पुढे ढकलले जातात. मग डोकं वर, टाचा खाली, अशी लांबी काढायची. त्यानंतर श्वास. नेहमीसारखा छातीभर नाही. डाव्या पाठीतल्या आत बसलेल्या बरगड्यांत, बाहेर आणि मागे. मी तिथे दोन बोटं टेकवते. "माझी बोटं ढकल." पहिल्या चार श्वासांत खांदा वर येतो, मान ताठते, बोटांखाली काहीच हलत नाही. पाचव्याला किंचित हललं. "हाच," मी म्हणते. आता श्वास सोडताना ती जागा परत बसू द्यायची नाही, आजूबाजूच्या स्नायूंनी धरून ठेवायची. हे धरणं हाच खरा व्यायाम. बाहेरून बघणाऱ्याला मुलगी नुसती पडून आहे असं वाटतं. तिच्या कपाळावर घाम असतो.

ही पद्धत शोधणारी बाई डॉक्टर नव्हती. काथारिना श्रोथ, जन्म १८९४, ड्रेस्डेन. तिला स्वतःला स्कोलिओसिस होता, सोळाव्या वर्षी पोलादी ब्रेस घालावा लागला होता. पोचा पडलेला चेंडू हवेने पुन्हा फुगतो हे बघून तिने आपल्या छातीच्या दबलेल्या बाजूत श्वास भरण्याचा प्रयत्न सुरू केला, आरशासमोर बसून. १९२१ मध्ये माइसन गावात तिने इतरांना शिकवायला सुरुवात केली. लोक येऊन तिथे महिनोन् महिने राहत. पुढे मुलगी ख्रिस्ता हिच्यासह पश्चिम जर्मनीत झोबरनहाइमला तिने नवं केंद्र थाटलं, ते आजही तिच्या नावाने आहे. १९८५ मध्ये ती गेली. मला या गोष्टीतला आरसा फार आवडतो. चेंडूची गोष्ट सगळे सांगतात, पण चेंडू बघून कुणाची पाठ बदलत नाही. रोज आरशासमोर बसून आपलीच वाकडी पाठ न कंटाळता बघायची, हे तिने केलं, आणि तेरा वर्षांच्या मुलीकडून मी तेच मागते.

मग कुशीवर झोपून, कमरेखाली पिशव्या आणि वरचा पाय हवेत. मग दांड्यांसमोर बसून, दोन्ही हातांनी वरची दांडी धरून. प्रत्येक वेळी तेच: लांबी, जागा, श्वास, धरून ठेव. कुठली कूस, कुठला हात, कुठला पाय, हे प्रत्येकीच्या बाकावर ठरतं. शेजारणीचा व्यायाम बघून घरी केला तर आपला बाक वाढवण्याचाच व्यायाम होऊ शकतो. म्हणून माझ्या भिंतीवर व्यायामांचा तक्ता नाही.

साडेसातला ब्रेस पुन्हा चढतो. पट्ट्यांवर पेनाने खूण केली आहे, तिथपर्यंत आवळायचा. मेथीची पिशवी आणि दप्तर घेऊन दोघी जातात.

आठ

चहा. कटिंग नाही, पूर्ण.

नऊ

नवीन पेशंट, जत तालुक्यातून. आई, वडील, आजी आणि बारा वर्षांची मुलगी. एसटीने आलेत, पहाटे निघून. मोठा लिफाफा वडिलांच्या काखेत. हाडांच्या डॉक्टरांनी पाठवलंय. चिठ्ठीवर ३१ अंश लिहिलंय आणि ब्रेस सुचवलाय.

एक्स-रे खिडकीला धरते. सगळ्यात वर जो मणका सर्वांत जास्त कललाय त्याच्या वरच्या कडेने एक रेघ, खाली जो सर्वांत जास्त कललाय त्याच्या खालच्या कडेने दुसरी. दोन रेघांमधला कोन म्हणजे कॉब अँगल. न्यूयॉर्कच्या जॉन कॉबने १९४८ मध्ये ही रीत मांडली. माझ्या मोजमापात २९ येतात. डॉक्टरांचे ३१. वडील लगेच सावरून बसतात.

"म्हणजे दोन अंश कमीच की ओ मॅडम?"

कमी नाहीत. एकच एक्स-रे दोघांनी मोजला की चार-पाच अंशांचा फरक पडू शकतो. सकाळी काढलेल्या आणि संध्याकाळी काढलेल्या एक्स-रेतही फरक पडतो, कारण दिवसभर उभं राहून मणका दबतो. म्हणून पाच अंशांहून जास्त बदल झाल्याशिवाय वाढला किंवा घटला असं कुणी म्हणू नये. हे मी सांगते आणि मला माहीत असतं की घरी गेल्यावर ३१ आणि २९ यावरच चर्चा होणार आहे.

माझी नजर फिल्मच्या खालच्या भागात, ओटीपोटाच्या हाडाच्या वरच्या कडेवर. तिथे वाढीच्या वयात हाडाची एक बारीक कोर उमटू लागते, बाहेरून आत सरकते आणि शेवटी मूळ हाडाला चिकटते. रिसर नावाच्या सर्जनने तिचे टप्पे पाडलेत, शून्य ते पाच. या मुलीची कोर अजून उमटलेलीच नाही. रिसर शून्य. आईला बाजूला घेऊन विचारते, पाळी आली का? "न्हाई अजून." पाळी सुरू होण्याआधीचे सहा महिने-वर्ष हा मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढण्याचा काळ असतो, आणि बाकही याच काळात पळतो. पाळीनंतर साधारण दोन वर्षांत वाढ मंदावत जाते. म्हणजे २९ की ३१ यापेक्षा हे शून्य जास्त महत्त्वाचं. हाच २९ अंशांचा बाक वाढ संपलेल्या मुलीत असता तर मी वडिलांना चहा पाजून परत पाठवलं असतं.

वडील विचारतात तो प्रश्न सगळेच विचारतात. "सरळ हुईल का ओ पोरीची पाठ?"

इथे गोड बोलायचा मोह होतो. गोड बोलणारे पुष्कळ आहेत. मी सांगते की बहुधा पूर्ण सरळ होणार नाही. आपलं काम तिची वाढ संपेपर्यंत बाक पन्नासच्या खूप अलीकडे ठेवण्याचं आहे. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेला की सर्जन ऑपरेशनचं बोलतात, कारण छातीतला एवढा मोठा बाक वाढ थांबल्यावरही वर्षाला साधारण अंशभर पुढे सरकत राहतो. तिशीच्या आत थांबला तर पुढे बहुधा त्रास देत नाही. मुलीला सांगते, "पोहायचं, पळायचं, खो-खो खेळायचं, सगळं चालेल." ती पहिल्यांदा मान वर करते.

"दप्तर लई जड असतंय," आई म्हणते. "मी सांगत हुते मास्तरला." हा अपराधाचा सूर रोजचाच. दप्तराने स्कोलिओसिस होत नाही. वाकडं बसल्याने, एका कुशीवर झोपल्याने, दूध न प्यायल्याने होत नाही. हे मी मुलीसमोर, मोठ्याने सांगते, कारण तिलाही गेला महिनाभर कुणी ना कुणी ऐकवलेलं असतं, "तू वाकडी बसतेस म्हणून."

आजी इतका वेळ गप्प होत्या. "त्यो पट्टा घालून शाळंत जायाचं म्हंजे समद्या गावाला कळंल की. उद्या लग्नाचं कसं हुयाचं?"

आजींचं चुकीचं आहे असं म्हणणं सोपं. पण त्या बोलतात ते बाकीचे दोघे मनात बोलत असतात, आणि ब्रेस कपाटात जातो तो याच कारणाने. म्हणून मी आजींशीच बोलते. "आजी, पट्टा दोन-तीन वर्षं. लग्नाच्या वयात पट्टा नसणार. पट्टा आत्ता घातला नाही तर मात्र लग्नाच्या वयात पाठ दिसणार." हा युक्तिवाद मला पसंत नाही. पाठ दिसली म्हणून लग्न अडावं हेच मला मान्य नाही. पण सकाळी नऊ वाजता, परतीच्या एसटीच्या आत, समाजसुधारणा आणि ब्रेस या दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर मी ब्रेस घेते.

साडेदहा ते बारा

गुडघे. फ्रोझन शोल्डर. पक्षाघातानंतर हात उघडायला शिकणारे एक निवृत्त तलाठी. खरं सांगायचं तर दवाखान्याचं भाडं यांच्यावर निघतं. बाकवाल्या मुलीला एकेक तास द्यावा लागतो आणि तासाभरात गुडघे चार होतात.

सव्वाबारा

एक अकरा वर्षांची, शाळेच्या तपासणीत सापडलेली. वाकायला सांगितलं तर उंचवटा डावीकडे, छातीच्या भागात. किशोरवयातला छातीचा बाक बहुधा उजवीकडे असतो. डावीकडे दिसला की मी व्यायामाचं नाव काढत नाही. झोपवून पोटाच्या चारही भागांवर बोथट टोकाने हलकी रेघ ओढली. निरोगी पोट त्या रेघेकडे आखडतं. हिचं एका बाजूला आखडलं, दुसऱ्या बाजूला नाही. डोकं दुखतं का, विचारलं. "खोकलं की दुखतं."

मज्जारज्जूत पाण्याची पोकळी असणं, लहान मेंदूचा भाग खाली सरकलेला असणं, अशी कारणं असू शकतात. असतीलच असं नाही. ते एमआरआय सांगेल. सर्जनना फोन लावला, चिठ्ठी लिहिली, पालकांना सांगितलं की माझ्याकडे परत या, पण आधी तिकडे जा. माझ्या दिवसातली ही दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची असावीत, आणि त्यांत व्यायाम एकही नव्हता.

दीड

डबा. ज्वारीची भाकरी, वांगं. खाताना फोन बघते आणि पश्चात्ताप होतो. कुणीतरी एक रील पाठवलंय: "२१ दिवसांत मणका सरळ, फक्त तीन आसनं." आधीचा फोटो कॅमेऱ्याकडे जरा तिरकं उभं राहून, नंतरचा समोर. असा फरक मी कुणातही अर्ध्या मिनिटात करून दाखवीन.

योगाशी माझं भांडण नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी भिंतीचे दोर, पट्टे, लाकडी ठोकळे वापरून शरीराला लांबी द्यायला शिकवलं, आणि माझ्या दांड्यांवर जे चालतं त्याच्याशी त्याचं नातं लांबचं नाही. भांडण आहे ते सगळ्यांना एकच आसन देण्याशी. छातीचा बाक असलेल्या बऱ्याच मुलींची पाठ बाजूने बघितली तर आधीच सपाट झालेली असते. तिला दिवसाला वीस वेळा मागे कमान करायला लावण्यात मला काही फायदा दिसत नाही.

आणि आमच्या बाजूनेही फुशारकी मारण्यासारखं फार नाही. ब्रेसचा पुरावा भक्कम आहे. अमेरिका-कॅनडातला मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला: ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलं पन्नास अंशांच्या आत राहून वाढ संपेपर्यंत पोहोचली, न घातलेल्यांपैकी ४८ टक्के. ब्रेसमध्ये उष्णता नोंदवणारं यंत्र बसवलं होतं, त्यामुळे कुणी खरंच किती तास घातला ते कळलं. रोज सरासरी १२.९ तासांहून जास्त घालणाऱ्यांत यश नव्वद टक्क्यांच्या पुढे. व्यायामाचा पुरावा याहून कितीतरी पातळ. कॅनडातल्या अल्बर्टात ५० मुलांवर श्रोथचा प्रयोग झाला, २०१६ मध्ये छापून आला. सहा महिन्यांनी व्यायाम करणाऱ्या गटाचा मोठा बाक दुसऱ्या गटापेक्षा सरासरी साडेतीन अंशांनी कमी निघाला. साडेतीन! एका एक्स-रेच्या मोजमापातली चूकही त्याहून मोठी. गटाच्या सरासरीला अर्थ आहे, पण मी तो आकडा जतच्या वडिलांना विकू शकत नाही. ज्यांना ब्रेस हवा त्यांना नुसत्या व्यायामावर ठेवणारे लोक आहेत, आणि त्यांच्या दवाखान्यांना माझ्यापेक्षा जास्त गर्दी असते.

मग मी रोज सव्वासहाला शटर का उघडते? कारण ब्रेसमध्ये दिवसाचे अठरा-वीस तास बांधलेलं शरीर कुठे मऊ पडतं, कुठे कडक होतं आणि मुलीला परकं वाटू लागतं. ज्या मुलीला आपला मणका कुठे वळतो ते बोटावर कळतं, ती ब्रेस जास्त तास घालते असं मला दिसतं. हे कुठल्या अभ्यासाचं वाक्य नाही, माझं आहे. छोट्या बाकाच्या, ब्रेसची गरज नसलेल्या मुलांना व्यायाम देऊन बघत राहावं, एवढं जगभरचे या विषयातले जाणकारही म्हणतात.

तीन

ब्रेस बनवणारा आला. सांगलीहून बाइकवर, पाठीला मोठी सॅक, तिच्यात दोन मुलींचे ब्रेस आणि हीट गन. प्लास्टरचा साचा घेऊन त्यावर पॉलिप्रॉपिलीनचा तापलेला पत्रा ओढायचा, मग कापायचा, घासायचा. उंचवट्यावर आतून दाब, समोरच्या दबलेल्या बाजूला मोकळी जागा. ही मोकळी जागा नीट ठेवली नसेल तर माझा सगळा श्वासाचा व्यायाम प्लास्टिकवर आपटून परत येतो. "इथे खिडकी मोठी कर," मी म्हणते. "मॅडम, मोठी केली की धरत नाही," तो म्हणतो. अर्धा सेंटिमीटरवर दहा मिनिटं घासाघीस. शेवटी हीट गन चालते, जळक्या प्लास्टिकचा वास सुटतो, आणि आम्ही दोघेही आपलंच खरं झालं अशा समजुतीत राहतो.

उन्हाळ्यात आमचं बोलणं सगळं घामावर असतं. एप्रिल-मेमध्ये मिरजेत दुपारी ब्रेसच्या आत काय होत असेल ते घालणाऱ्यालाच ठाऊक. आत सुती बनियन, शिवणीशिवायचं, दिवसातून दोनदा बदलायचं. चुणी राहिली की तिथे कातडं सोलतं. दाबाच्या जागी लाली आली आणि अर्ध्या तासात गेली तर ठीक. नाही गेली तर ब्रेस उतरवून मला फोन. क्रीम लावू नका, कातडं मऊ पडतं. गणवेश एक माप मोठा शिवा. हे सगळं मी लिहून देते, आणि पोरी यातलं अर्धं एकमेकींकडून आधीच शिकलेल्या असतात.

साडेचार

शाळा सुटलेल्यांची बॅच. चार मुली, एक मुलगा. एरवी मी एकेकीला घेते, पण आठवड्यातून एक दिवस मुद्दाम एकत्र. शाळेत प्रत्येकीला वाटतं की जगात अशी आपण एकटीच. इथे आल्यावर ब्रेसवर कुणी कुठलं स्टिकर लावलंय यावरून वाद.

आज कॉलेजात जाणारी सगळ्यात मोठी मुलगी नवीन आलेलीला बाकावर कसं बसायचं ते दाखवत होती. हे मला व्यायामाइतकंच हवं असतं. तास माझ्याकडे एक. वर्गात, गाडीवर, मोबाइलवर, अभ्यासाच्या टेबलाशी पंधरा. इटलीतल्या लोकांनी यावरच आपली पद्धत उभी केली: आपली आपण दुरुस्ती करायची आणि ती दुरुस्ती धरून रोजची कामं करायची. "फळ्यावरचं उतरवून घेताना एकदा लांबी काढ, डाव्या पाठीत श्वास घे, तीन ओळी लिहीपर्यंत धर," मोठी सांगते. "मग सोड. मग परत." धाकटी विचारते, "बाई ओरडल्या तर?" "श्वास घेतल्याबद्दल कोण ओरडतंय?"

त्यातली एक भरतनाट्यम करते. आईने आज मला बाजूला घेऊन क्लास बंद करू का विचारलं. मुळीच नको. अरंगेत्रमची तयारी करणारी मुलगी रोज आरशात स्वतःचं शरीर बघते, ताल धरते, थकली तरी करते. अशी मला आयती मिळालेली विद्यार्थिनी मी घरी बसवू?

मुलगा फारसा बोलत नाही. मुलग्यांची वाढ उशिरा सुरू होते आणि उशिरा संपते, म्हणून त्याला अजून बरेच दिवस यायचं आहे, आणि हे त्याला समजल्यापासून तो माझ्यावर नाराज आहे. पण दांडीला लोंबकळून लांबी काढण्यात त्याच्याएवढं कुणी चांगलं नाही.

सहा

शिवणकाम करणाऱ्या एक ताई, पन्नाशीतल्या. लहानपणापासूनचा बाक, त्या काळी कुणी बघितला नाही. एक खांदा खाली म्हणून आई ब्लाउजला पॅड लावून द्यायची. आता कंबर दुखते. त्यांचे अंश मी मोजत बसत नाही. मशीनची उंची वाढवली, पायडलवरचा पाय बदलायला लावला, कडक झालेली बाजू मोकळी करणं आणि मऊ पडलेली बांधणं चाललंय. अमेरिकेतल्या आयोवात उपचार न घेतलेल्या रुग्णांचा पन्नास वर्षं माग ठेवला, २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं: पाठदुखी इतरांपेक्षा जास्त, पण बहुतेकांनी नोकऱ्या केल्या, संसार केले, म्हाताऱ्या झाल्या. ताईंना हे सांगितलं तर हसल्या. "मग मी काय वेगळं केलं?"

साडेसात

व्हिडिओवर. सांगोल्याजवळच्या गावातली नववीतली मुलगी, महिन्यातून एकदाच मिरजेला येते. फोन धान्याच्या कणगीला टेकवलेला, त्यामुळे मला निम्मी पाठ आणि निम्मी कणगी दिसते. दांड्या नाहीत, म्हणून खिडकीचे गज. आरसा नाही, म्हणून धाकटा भाऊ. तो मागे उभा राहून सांगतो, "दीदे, उजवा खांदा वर गेला." माझ्या आरशापेक्षा तो निर्दय आहे. तांदळाच्या पिशव्या मात्र आजीने शिवल्यात, माझ्या पिशव्यांपेक्षा सुबक.

नेटवर्क गेलं. आलं. तिने तीन श्वास नीट केले असं मी समजते.

साडेआठ

दिवसाच्या नोंदी. आज एका मुलीची फाइल बंद करायची होती, म्हणजे तिला संध्याकाळी आई-वडिलांसह बोलावलं होतं. बाराव्या वर्षी आली तेव्हा २७ अंश, रिसर शून्य. आज पंधरा पूर्ण, रिसर चार, उंची आता थांबत आलेली, ब्रेस हळूहळू कमी करत आता फक्त रात्री. कालचा एक्स-रे ३० अंश.

वडिलांनी गणित लगेच केलं. "तीन वर्षांत तीन अंश वाढलाच की."

मी त्यांना तिच्या तीन वर्षांच्या उंचीचा तक्ता दाखवला. तेवीस सेंटिमीटर. एवढी वाढ होताना जो बाक सत्तावीसवरून पन्नासकडे पळू शकत होता तो मोजमापाच्या चुकीएवढाही हलला नाही. माझ्या धंद्यात याहून चांगला दिवस फारसा येत नाही, पण तो बाहेरून दिसत नाही आणि आधीचा-नंतरचा फोटो काढला तर दोन्ही सारखेच येतील. वडिलांना पटलं का, सांगता येत नाही. मुलीला पटलं होतं. तिने विचारलं, रात्रीचा ब्रेस कधी बंद. सहा महिन्यांनी एक एक्स-रे, उभं राहून, पूर्ण मणका, पाठीकडून, म्हणजे छातीला किरण कमी लागतात. आदल्या दिवसापासून ब्रेस नाही. तो ठीक आला की बंद. व्यायाम? आठवड्यातून दोन-तीनदा ठेव, पाठ दुखणार नाही. ती ठेवणार नाही हे मला माहीत आहे. अकरावीचे क्लास सुरू होतील.

शटर ओढताना फोनवर मेसेज. सकाळच्या मेथीवाल्या आई. "मॅडम रविवारी तिच्या मावशीचं लग्न आहे. तिला परकर-पोलकं घालायचंय, ब्रेस काढला तर चालेल का?"

लिहिलं: "मुहूर्ताला काढा. जेवणं झाली की घाला. पोलकं जरा सैल शिवा म्हणजे रिसेप्शनलाही चालेल."

दोन निळ्या खुणा, आणि मग मुलीकडून, आईच्याच फोनवरून: "रिसेप्शनला नको ना मॅडम. प्लीज."

"बरं," मी लिहिलं. "पण सोमवारी साडेसहा."